समोरच्याचा हस्ताक्षर तज्ज्ञ मोठ्या नावाचा असेल तर केस हातची गेली का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील गेल्यावर थोरल्या भावाने एक मृत्युपत्र पुढे आणलं, त्यात घर आणि जमीन सगळं त्याच्या नावावर, आणि खालची सही तुम्हाला वडिलांची वाटत नाही. दावा लागलाय. भावाने एका खूप नावाजलेल्या हस्ताक्षर तज्ज्ञाचा रिपोर्ट आणलाय, सही खरी म्हणून. तुमच्या बाजूने जिल्ह्याच्या ठिकाणचे एक एक्सपर्ट आहेत, ते सही खोटी म्हणतात पण त्यांना कोणी ओळखत नाही. आणि आता तुमचेच वकील म्हणतायत की समोर एवढं मोठं नाव आहे, मिळतंय ते घ्या आणि तडजोड करा. तर नाव मोठं असलं की कोर्ट त्याचंच ऐकतं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी हे सांगते की मी वकील नाही, वादातले कागद तपासणं हे माझं काम, आणि तुमचा कागद मी पाहिलेला नाही. त्यामुळे सही खरी की खोटी यावर मी काहीच बोलणार नाही, मोबाईलवर फोटो पाठवलात तरी नाही. पण नावाचं वजन कुठे पडतं आणि कुठे पडत नाही हे मी बरीच वर्षं अगदी जवळून बघतेय, कधी मोठ्या नावाच्या बाजूला बसून, कधी समोर.

कोर्टात नाव लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी चालतं आणि कोर्टाबाहेर लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त चालतं. तुमच्याच केसमध्ये बघा ना, तो रिपोर्ट अजून पुराव्यात वाचलाही गेला नाही, तज्ज्ञ साक्षीला उभा राहिला नाही, उलटतपासणी झाली नाही, आणि तरी तुम्ही अर्धी केस सोडायला निघालात. म्हणजे त्या नावाने आपलं काम वकिलांच्या केबिनमध्येच करून टाकलं. समोरच्या पक्षाने मोठी फी मोजली असेल तर ती बहुतेक यासाठीच. मृत्युपत्र, भागीदारीतला राजीनामा, फ्लॅटचं संमतीपत्र, चेकवरची सही, असले वाद पुष्कळदा निकालापर्यंत जातच नाहीत, एक बाजू आधीच दमते, आणि कोण दमणार हे ठरवण्यात रिपोर्टावरच्या लेटरहेडचा हात मोठा असतो.

आता कायदा काय म्हणतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात तज्ज्ञाचं मत कलम ३९ मध्ये आहे, त्याआधीच्या दाव्यांना जुन्या १८७२ च्या कायद्याचं कलम ४५, तुम्हाला कुठलं लागू ते वकील सांगतील, दोन्हींचा गाभा एकच. तज्ज्ञाचं म्हणणं हे मत आहे, कोर्टाला मदत म्हणून, ते कोर्टावर बंधनकारक नाही. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये शशी कुमार बॅनर्जी विरुद्ध सुबोध कुमार बॅनर्जी या केसमध्ये, आणि ती मृत्युपत्राचीच केस होती बरं का, सांगितलंय की हस्ताक्षर तज्ज्ञाचं मत प्रत्यक्ष पुराव्याची जागा क्वचितच घेऊ शकतं. मग १९७९ च्या मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य मध्ये थोडं सावरून घेतलं, की तज्ज्ञाच्या मताला दुसरा पुरावा जोडलेला असलाच पाहिजे असा काही नियम नाही, पण जपून घ्या आणि त्याने दिलेली कारणं तपासून घ्या. कारणं हा शब्द लक्षात ठेवा. मत कशावरून बनलं हे विचारण्याची सोय कायद्यातच आहे. जज साहेबांनी तज्ज्ञाचं नाव आधी ऐकलेलं असेल, माणूसच आहेत ते, पहिल्या दहा मिनिटांत फरक पडतो हे मी नाकारत नाही. पण निकालपत्र लिहायला बसल्यावर "हे फार प्रसिद्ध आहेत म्हणून" असं लिहिता येत नाही, तिथे कारणं लिहावी लागतात, आणि ती रिपोर्टात नसतील तर आणायची कुठून.

नाव किती फसवू शकतं याचं आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण १९८३ चं. हॅम्बुर्गच्या श्टेर्न मासिकाने हिटलरच्या डायऱ्या सापडल्या म्हणून जाहीर केलं, साठाच्या आसपास वह्या, त्यासाठी नव्वद लाखांहून जास्त मार्क मोजले होते. छापायच्या आधी त्यांनी हस्ताक्षर तपासून घेतलं होतं, आणि ते कुणाकडून, तर झुरिक पोलिसांच्या शास्त्रीय विभागाचे माजी प्रमुख माक्स फ्राय-सुल्झर आणि अमेरिकेतले ऑर्डवे हिल्टन, ज्यांचं लिखाण वाचून आमच्या धंद्यातले लोक शिकले. दोघांनीही सांगितलं, अक्षर हिटलरचंच. मग जर्मनीच्या सरकारी अभिलेखागाराने कागद तपासायला लावला तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं रसायन निघालं आणि मे महिन्यात सगळं कोसळलं. डायऱ्या कोनराड कुयाऊ नावाच्या माणसाने लिहिल्या होत्या.

आता एवढी अनुभवी माणसं चुकली कशी? लोक म्हणतात घाई झाली, हिल्टनना जर्मन वाचता येत नव्हतं, तेही खरंच. पण मूळ गोची वेगळी होती. तुलनेसाठी "हिटलरचं खरं अक्षर" म्हणून जे नमुने त्यांना दिले त्यातलेही काही कुयाऊनेच बनवलेले होते! म्हणजे कुयाऊचं अक्षर कुयाऊच्याच अक्षराशी ताडून बघितलं आणि ते जुळलं, जुळणारच होतं. त्यांची नजर तयार होती हो, पण समोर ठेवलेला नमुना खोटा असला की तयार नजर सुद्धा चुकीच्याच उत्तराला पोचते, आणि नाव मोठं असल्यामुळे नमुने आले कुठून हे त्यांना विचारायला कोणी धजावत नाही. मासिकवाल्यांना तर विचारायचंच नव्हतं.

हे इतकं लांबण लावून सांगितलं कारण तुमच्या केसमध्ये मी पहिला प्रश्न हाच विचारला असता. भावाच्या तज्ज्ञाने वडिलांच्या ज्या सह्यांशी तुलना केली त्या सह्या दिल्या कोणी? भावानेच दिल्या असतील तर त्यातली प्रत्येक सही तुम्हाला मान्य आहे का?

दुसरं एक जुनं प्रकरण, फ्रान्समधलं, ड्रेफस. १८९४ साली लष्करातल्या एका अधिकाऱ्यावर हेरगिरीचा आरोप, पुरावा म्हणजे एक चिठ्ठी. बँक ऑफ फ्रान्सचे गोबेर, रोज सह्या बघणारा माणूस, त्यांनी सांगितलं की हे दुसऱ्या कोणाचं अक्षर असू शकतं. ते पचलं नाही, मग अल्फोन्स बर्टिलॉनना बोलावलं. बर्टिलॉन म्हणजे तेव्हा जगभर गाजलेलं नाव, गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन ओळख पटवायची पद्धत त्यांची. पण ती कीर्ती मापांची, अक्षराची नव्हे. त्यांनी साम्य सांगितलं, आणि जिथे फरक दिसत होते तिथे म्हणाले की ड्रेफसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली आहे. म्हणजे जुळलं तरी तोच, नाही जुळलं तरी तोच. ड्रेफस काळ्या पाण्यावर गेला. १९०४ मध्ये प्वांकारेंसारख्या गणितज्ञांनी बर्टिलॉनच्या आकडेमोडीची चिरफाड केली आणि १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष सुटला, चिठ्ठी दुसऱ्याच अधिकाऱ्याची होती. आपल्याकडे असं रोज होतं, फक्त छोट्या प्रमाणात. कोणी बोटांच्या ठशांत नाव कमावलेलं असतं, कोणी मोठ्या सरकारी पदावरून रिटायर झालेलं असतं, कोणी टीव्हीवर दिसतं, आणि सह्यांचा रिपोर्ट पण त्याच वजनावर खपतो. काही तर ग्राफोलॉजीवाले असतात, सहीवरून स्वभाव सांगणारे, त्यांचा आणि आमच्या कामाचा काही संबंध नाही पण व्हिजिटिंग कार्डावर दोन्ही एकाच ओळीत छापलेलं असतं. वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल, खाजगी हस्ताक्षर तज्ज्ञाला आपल्या देशात असं कायद्याने नेमलेलं कोणी विचारणारं नाही. केंद्र सरकारचे दस्तऐवज परीक्षक आहेत, आपल्याकडे पुण्यात सीआयडीचे आहेत, पण खाजगी दाव्यात सहसा आमच्यासारखेच येतात, आणि तिथे नाव म्हणजे काय तर बऱ्याचदा वकिलांनी एकमेकांना सांगितलेलं नाव.

नावाचा एक परिणाम आहे जो बाहेरच्यांना दिसत नाही, तो दुसऱ्या तज्ज्ञावर होतो. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटात एफबीआयने तपासात सापडलेल्या बोटाच्या ठशाशी अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठसा जुळतो म्हणून सांगितलं, त्यांच्याच इतर तपासनीसांनी दुजोरा दिला, आणि पुढे बचावाच्या बाजूने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच म्हटलं. नंतर स्पॅनिश पोलिसांनी ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं तेव्हा एफबीआयला माफी मागावी लागली. ती ठशांची गोष्ट असली तरी रोग तोच. आधी कोणी मोठ्याने काय म्हटलंय ते कळलं की आपली नजर तिकडेच ओढली जाते, जे साम्य शोधायला सांगितलं ते सापडायला लागतं. म्हणून मी पक्षकाराला पहिल्या भेटीतच सांगते, समोरच्याचा रिपोर्ट मला दाखवू नका, आधी नुसते कागद द्या, माझं मत लिहून झालं की मग दाखवा. तुमच्या जिल्ह्याच्या एक्सपर्टने तो मोठा रिपोर्ट आधी वाचला होता का नंतर, हे त्यांना विचारून घ्या, कोर्टात विचारलं जाईलच. खरं सांगायचं तर मोठं नाव विरोधात असताना ते वेगळं मत द्यायला धजावले याचं मला बरं वाटलं, पण बरं वाटणं हा पुरावा नाही, त्यांची कारणं पण तितक्याच कडकपणे बघावी लागतील.

नाव उलटंही पडतं. आता निकालपत्रं ऑनलाईन आहेत, इंडियन कानून या वेबसाइटवर तज्ज्ञाचं नाव टाकलं की कुठल्या कोर्टाने त्यांचं मत का नाकारलं ते कधीकधी पाच मिनिटांत सापडतं. जितकं नाव मोठं तितक्या केसेस जास्त, आणि तितके नाकारलेले रिपोर्टही जास्त, ते साहजिक आहे, त्यावरून लगेच माणूस खोटा ठरत नाही. बघायचं ते कारण काय दिलंय. "मूळ कागद पाहिला नाही", "फरकांचा उल्लेखच केला नाही", "नमुने मान्य नव्हते", असं जर दोन-तीन निकालांत पुन्हा पुन्हा आलं असेल तर ती त्यांची सवय आहे आणि तुमच्या वकिलांच्या हातात उलटतपासणीचं सोनं आहे.

आणि खरी कमावलेली पत काय करते तेही सांगते, नाहीतर वाटेल मी मोठ्या नावांवर राग काढतेय. काही तज्ज्ञांची ओळख अशी असते की हे आपल्याच पक्षकाराच्या विरोधातही लिहून देतात, "सांगता येत नाही" असं लिहायला लाजत नाहीत. अशा माणसाचा रिपोर्ट आला की दोन्ही वकील गंभीर होतात आणि वाद खरंच लवकर मिटतो. माझ्याकडेच एकदा एक जण भागीदारीच्या कागदावरची सही खोटी आहे असं लिहून घ्यायला आले होते, तपासून मी सांगितलं की सही तुमच्या वडिलांचीच दिसते. फी दिली, रिपोर्ट घेतला आणि गेले, तो काही त्यांनी दाव्यात लावला नाही, पण पुढे त्यांच्या वकिलांकडून कळलं की आपसात मिटवलं. म्हणून पक्षकाराने दाखल केलेला खाजगी रिपोर्ट वाचताना एक ध्यानात असू द्या, विरोधात गेलेले रिपोर्ट फायलीतच राहतात, तुमच्या भावाने आधी आणखी कुणाला विचारलं होतं हे तुम्हाला कधी कळणार नाही.

म्हणजे आत्तापर्यंत इतकं झालं की नावाला घाबरून तडजोड करू नका, पण नाव छोटं म्हणजे प्रामाणिक असंही समजू नका. दोन्ही रिपोर्ट नावाचं पान झाकून वाचा. आता वाचायचं काय.

पहिलं, मूळ मृत्युपत्र पाहून रिपोर्ट दिलाय की झेरॉक्सवरून. झेरॉक्सवर आकार दिसतो पण दाब, पेन कुठे उचलला, रेघेवर रेघ कुठली आधी कुठली नंतर, पेन्सिलीचा माग, हे जवळजवळ सगळं जातं. झेरॉक्सवरून "ठामपणे खरी" असं लिहिणाऱ्याचं नाव कितीही मोठं असो, माझा त्यावर विश्वास नाही. दुसरं, नमुने कुठले आणि कुठल्या काळातले. माणसाची सही वयाबरोबर बदलते, सत्तरीनंतर, पॅरालिसिसनंतर, पार्किन्सन असेल तर फारच, त्यामुळे वडिलांच्या नोकरीच्या काळातल्या ऐटबाज सह्यांशी शेवटच्या वर्षातली सही ताडली तर ती खोटीच वाटणार. इथे तुमचा एक्सपर्टही घसरू शकतो, नीट बघा. मृत्युपत्राच्या तारखेच्या आगेमागे दोन-तीन वर्षांतल्या सह्या पाहिजेत, आणि शक्यतो भावाच्या कपाटातल्याही नकोत आणि तुमच्याही नकोत, बँकेतला केवायसी फॉर्म, पेन्शनचा हयातीचा दाखला, सोसायटीच्या मीटिंगचं रजिस्टर, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त, हॉस्पिटलचं संमतीपत्र, अशा तिसऱ्याच ठिकाणच्या. कोर्टामार्फत मागवून घ्या आणि लवकर मागवा, बँका जुन्या स्लिपा कायम ठेवत नाहीत.

तिसरं, कारणं. चांगल्या रिपोर्टात साम्यं असतात तसे फरकही असतात आणि प्रत्येक फरकाचं काय करायचं ते लिहिलेलं असतं. म्हाताऱ्या हाताची थरथर आणि नक्कल करणाऱ्याची थरथर वेगळी दिसते, म्हाताऱ्याचा हात थरथरतो पण थांबत नाही, सवयीने पुढे जातो, नक्कल करणारा मध्येच बघायला थांबतो, अवघड वळणावर पेन उचलतो, सुरुवात आणि शेवट बोथट होतात. आणि दोन सह्या एकावर एक ठेवल्यावर केसाइतकाही फरक नसेल तर खूश होऊ नका, खरा माणूस दोनदा तंतोतंत तीच सही करत नाही, ती बहुतेक गिरवलेली असते. हे सगळं मोठ्या केलेल्या फोटोंवर बाण काढून दाखवलंय का? की पानभर बायोडाटा आणि शेवटी दोन ओळींचं मत? बायोडाटा लांब आणि कारणं आखूड असतील तर त्या रिपोर्टाचा भर कशावर आहे ते कळलंच.

आता मृत्युपत्रापुरता एक मुद्दा, जो सहीच्या भांडणात लोक हमखास विसरतात. मृत्युपत्र सिद्ध करायची जबाबदारी ते आणणाऱ्याची, म्हणजे भावाची. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि निदान एक तरी कोर्टात तपासावा लागतो, हयात असेल तर. १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार केसपासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की परिस्थिती संशयास्पद असेल, सही शंकास्पद, बाकीच्या मुलांना काहीच नाही, ज्याला सगळं मिळालं त्यानेच मृत्युपत्र करून घेण्यात पुढाकार घेतला, तर तो संशय दूर करणं त्याचंच काम. त्यामुळे तो साक्षीदार कोण, त्या दिवशी वडील कुठे होते, कागद कोणी टाइप केला, स्टँपपेपर असेल तर कधी कोणाच्या नावाने घेतला, यावर तुमच्या वकिलांनी जितकं लक्ष द्यावं तितकं दिलेलं तुमच्या लिहिण्यावरून तरी दिसत नाही. उलट बाजूही सांगते, साक्षीदार स्वच्छ असतील, डॉक्टरांचा दाखला असेल, वडिलांनी हयातीत चार लोकांना हेच सांगितलेलं असेल, तर तुमच्या एक्सपर्टचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी एकटा पुरणार नाही.

तडजोड करूच नका असं मी म्हणत नाही. दावे वर्षानुवर्षं चालतात, फी जाते, भावाभावांत बोलणं राहत नाही, हे सगळं मोजूनच ठरवावं. फक्त रक्कम ठरवण्याआधी भावाच्या तज्ज्ञाचा पूर्ण रिपोर्ट मागा, फोटो आणि नमुन्यांच्या यादीसकट. शेवटचं मताचं पान दाखवून बाकीचं द्यायला टाळाटाळ करत असतील तर तडजोडीचा आकडा तुमच्या बाजूने सरकायला हवा. तुमच्या एक्सपर्टनाही तोंडी नको, लेखी कारणं मागा, आणि उलटतपासणीला उभं राहायची तयारी आहे का हे स्पष्ट विचारा, काही जण रिपोर्ट देतात आणि साक्षीच्या तारखेला आजारी पडतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा झालंय का अजून भावाकडेच आहे? भावाकडेच असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून या तारखेला ते कोर्टात जमा करायचा अर्ज द्यायला सांगा, आणि त्याच अर्जात तुमच्या एक्सपर्टला कोर्टाच्या देखरेखीखाली मायक्रोस्कोपने मूळ सही बघायची परवानगीही मागून घ्या.